दिन्या, तो म्हातारा अण्णांसारखा बोलतो

प्रिय दिन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मध्येच तुझं सुरू करतोस आणि माझं राहून जातं, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. वहिनींना वाचून दाखवायचं की नाही, ते शेवटपर्यंत वाचून मग ठरव.

आम्ही सगळे ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे. शुभाचा खांदा बरा आहे.

‘व्ही’ परत पाहिली. हो, तीच, माणसांचे चेहरे लावलेल्या परग्रहावरच्या पाली ‘पाहुणे’ म्हणून येतात ती अमेरिकन मालिका! पल्लवी न्यू जर्सीहून येणार होती, तिला ब्लू-रे आणायला सांगितली. वॉर्नरवाल्यांनी २०१९ मध्येच काढली होती, मला पत्ताच नव्हता. ओंकारच्या प्लेस्टेशनवर छान चालली. दोन भाग, लागोपाठ दोन रात्री, एनबीसीवर १ आणि २ मे १९८३ ला लागले होते तसेच पाहिले. सगळी मिळून सव्वातीन तासांची. शुभा आणि सई दोघीही शेवटपर्यंत बसल्या.

पहिल्यांदा तुझ्या दुबईच्या मामांची कॅसेट आठवली. कॉपीची कॉपी, सगळ्यांचे चेहरे हिरवट, आणि पाहुण्यांची ती डायना गिनीपिग गिळते तिथे नुसत्या आडव्या रेघा, कारण तेवढाच तुकडा तू मागे घेऊन घेऊन टेप झिजवली होतीस. भाड्याच्या व्हीसीआरचे पैसे सगळ्यांनी काढले होते आणि रिमोट एकट्या तुझ्या हातात. मग महिनाभर बीजगणिताच्या बाईंना डायना म्हणायचास. आता चित्र इतकं स्वच्छ आहे की तिचा गळा फुगतो तेव्हा रबर दिसतं. तरी सई किंचाळली. शहरांवर येऊन थांबलेली ती पन्नास यानं मात्र अजूनही तशीच छातीवर येतात. आणि तो पाहुणा विली! सगळी तयारी अरबी बोलण्याची करून आलेला आणि नेमणूक लॉस एंजेलिसला. तो आला की तू तुझ्या मामांची नक्कल करायचास, ती मी सईला करून दाखवली. तुझ्यासारखी नाही जमली.

पण आपण तेव्हा पाली आणि लेझर पाहत होतो रे. सुरुवातीलाच पडद्यावर अर्पणपत्रिका येते, प्रतिकार करणाऱ्या कालच्या, आजच्या आणि उद्याच्या सगळ्या लढवय्यांना. ती आपल्या कॅसेटवर होती का? मला आठवत नाही. बहुतेक तू पुढे पळवली असशील.

केनेथ जॉन्सननं आधी लिहिलेल्या पटकथेत परग्रहवासी नव्हतेच. ‘स्टॉर्म वॉर्निंग्ज’ नावाची पटकथा. सिंक्लेअर लुईसची १९३५ ची एक कादंबरी आहे, अमेरिकेत लोकांच्याच मतांनी हुकूमशहा येतो अशी. तिच्यावरून त्याला सुचली होती. वाहिनीला ते जड वाटलं. ‘स्टार वॉर्स’चे दिवस होते, त्यांना अवकाशयानं हवी होती. मग त्यानं माणसांच्या जागी पाली बसवल्या आणि बाकीचं तसंच ठेवलं. ते एकदा कळलं की पाहताना पालींकडे लक्षच जात नाही, माणसांकडेच जातं. पाहुणे उतरतात तेव्हा रसायनाच्या कारखान्याबाहेर शाळेचा बँड ‘स्टार वॉर्स’ची धून वाजवतो, आठवतं? आपण टाळ्या वाजवल्या होत्या. परवा मला तिथे कसंतरी झालं. किती आनंदानं वाजवतात ती पोरं.

आणि सगळं सुरू कशानं होतं, तर कागदानं. शास्त्रज्ञांनी कट केला अशी बातमी पसरते आणि त्यांना नाव नोंदवायला सांगतात. मारामारी नाही, काही नाही. फक्त नोंदणी. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या घराशी शेजारीपाजारी बोलेनासे होतात. कालपर्यंत येणंजाणं असलेली माणसं. टीव्हीचा कॅमेरामन डोनोवन पालींचं चित्रीकरण जिवावर उदार होऊन घेऊन येतो, ते टीव्हीवर दाखवायची वेळ येते तोवर वाहिन्याच पाहुण्यांच्या ताब्यात. त्याची पत्रकार मैत्रीण क्रिस्टीन तर आधीच त्यांची प्रवक्ती झालेली. आणि त्याची आई! किती हौसेनं त्यांना घरी बोलावते. लहानपणी ती बाई आपल्याला दिसलीच नव्हती. आता पहिल्या प्रसंगातच ओळखीची वाटली.

डॅनियलवरून आपलं भांडण झालं होतं ते मी विसरलेलो नाही. तू म्हणायचास तो जन्मापासूनच हरामखोर. मला त्याची दया यायची आणि त्यावरून तू मला आठवडाभर चिडवलंस. मी अजून माझ्याच मतावर आहे. त्या पोराला नोकरी नाही, घरात कोणी त्याचं ऐकत नाही, ज्या मुलीवर जीव आहे ती ढुंकून बघत नाही. मग कुणीतरी येऊन त्याला गणवेश देतं, कमरेला पिस्तूल देतं आणि म्हणतं, तुझी आम्हाला गरज आहे. जेवणाच्या टेबलाशी तो कसा बसतो बघ पुन्हा. आईबाप त्याच्याशी जपून बोलतात, स्वतःच्या मुलाशी! सई म्हणाली, “बाबा, हा आमच्या कॉलेजात आहे.” मी विचारलं, कोण? ती म्हणाली, “एक नाही.” त्यानं पुढे जे केलं, मॅक्सवेल कुटुंब लपलंय हे सांगून स्वतःच्या आईबापांना आणि आजोबांना पकडून दिलं, त्याला माफी नाहीच. तिथे तुझं बरोबर.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या समोरच्या विंगमध्ये लेलेकाकूंचा फ्लॅट आहे. काकू मुलाकडे बंगळुरूला गेल्या, फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहे. एक तरुण जोडपं आलं होतं बघायला, दोघंही डॉक्टर, लहान मुलगी आहे. काकूंना पसंत पडलं. नावं कळली तसा आमच्याकडे कागद फिरायला लागला. ‘सोसायटीतील वातावरण लक्षात घेता’ अशी सुरुवात आहे. कुणाला ठेवू नये ते सरळ लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना समजतं. खाली सह्यांसाठी रेघा, फ्लॅट नंबर आधीच टाइप केलेले. बऱ्याच रेघा भरल्यात. माझी रिकामी आहे. रिकामी रेघ किती उठून दिसते, दिन्या, तुला सांगतो.

कायद्यानं हा कागद कुठेच उभा राहत नाही. फ्लॅट भाड्यानं द्यायला आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची परवानगी लागत नाही, नुसतं कळवावं लागतं. हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, कायद्याचं कोण बोलतंय? सगळ्यांची भावना आहे.” माणूस वाईट नाही. आईला रात्री हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यांनीच काढली होती. हेच मला खातंय. कागद घेऊन येणारे सगळे असेच आहेत, अडीअडचणीला धावणारे. हातात कागद, चेहऱ्यावर हसू, आणि “वहिनी, चहा राहू दे, फक्त सही.”

रविवारी सभा आहे. तिथे उठून मी हे चुकीचं आहे म्हणणार आहे. ते ठरलेलं आहे, त्यात बदल नाही. काळजी वेगळीच आहे.

काळजी शुभाची आहे. ती म्हणते, सही नको करूस, पण उठून बोलू नकोस. तुझं बोलून होईल, पुढे रोज इथे राहायचं आम्हाला आहे. सई क्लासहून उशिरा येते, खाली गेटवर कोण कसं बघेल ते तू बघायला असणार आहेस का? आईसाठी रात्री-अपरात्री कुणाला हाक मारायची? तिचं एकही वाक्य खोटं नाही. ती भित्री नाही हे तुला माहीत आहे, तिनं ऑफिसात काय काय झेललंय. तिला जे दिसतंय तेही खरंच आहे. मला तिच्याशी भांडायचं नाहीये. तिला सोबत घेऊन त्या सभेत जायचं आहे, आणि ते कसं करायचं ते मला कळत नाही.

आणि या सगळ्यात ‘व्ही’मधला तो प्रसंग आला. आपल्याला लहानपणी कंटाळवाणा वाटलेला, तू चहा आणायला उठायचास तो. मॅक्सवेल कुटुंब डॅनियलच्या, म्हणजे बर्नस्टीनच्या, घरामागे, पोहण्याच्या तलावाजवळच्या खोलीत लपलेलं आहे. डॅनियलचा बाप स्टॅन्ली म्हणतो, त्यांना जायला सांगा, आपलंही घर आहे, आपण सगळे मरू. अगदी शुभाचीच वाक्यं. त्याचा म्हातारा बाप अब्राहम आधी ऐकून घेतो. मग स्टॅन्लीच्या आईची गोष्ट सांगतो. स्टॅन्लीला आयुष्यभर सांगितलेलं असतं की ती आगगाडीच्या डब्यातच हृदय बंद पडून गेली. तसं झालेलं नसतं. ती नाझींच्या छावणीपर्यंत पोचली होती. थंडीत उघडी उभी, काळेभोर केस भादरलेले, आणि त्या शॉवरकडे नेताना तिनं नवऱ्याला हात केला होता. कुणी लपायला जागा दिली असती तर, एवढंच म्हातारा म्हणतो. हे सगळं तो आवाज न चढवता सांगतो. इतकी वर्षं मुलाला वाचवण्यासाठी जे लपवलं, ते दुसऱ्यांना वाचवण्यासाठी बाहेर काढतो.

मी शुभाकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही. मला तिथे तुझे अण्णा दिसत होते.

जानेवारी ९३, दंगलीचे दिवस. हनीफचाचा, रझियाचाची आणि त्या दोघी पोरी तुमच्या माळ्यावर. मी नळावर होतो आणि तू गॅलरीच्या टोकाला अण्णांशी भांडत होतास. ताई आहे घरात, आई आहे, कोणी माडीवर आलं तर काय करणार तुम्ही? सगळं ऐकलंय मी. आजवर तुला बोललो नाही, कारण तू कधी विषय काढला नाहीस. तू वीस वर्षांचा होतास आणि घरच्यांसाठी बोलत होतास, यात वाईट काहीच नव्हतं. आज शुभा बोलते तसंच बोलत होतास.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डाळीचं पातेलं घेऊन शिडीवर कोण चढलं, तर तू. संध्याकाळी ती माणसं जिन्यात आली तेव्हा अण्णा दारात आले होते, बनियनवर, अर्ध्या गालाला साबण तसाच. म्हणाले, “माझ्या घरात माझी माणसं आहेत.” आणि तू त्यांच्या मागे उभा होतास, हातात काही नाही, फक्त उभा. मी तुमच्या समोरच्या दारात होतो आणि माझे पाय कापत होते. तुझे कापत नव्हते.

त्या दोन्हींच्या मध्ये एक रात्र आहे. त्या रात्री अण्णा तुझ्याशी काहीतरी बोलले. ओरडले नसणार, त्यांचा आवाज आमच्या खोलीत आला असता, भिंत काय होती आपल्यामध्ये. काय बोलले? अण्णांच्या दहाव्याला तू बोलायला उठलास आणि दोन शब्द बोलून बसलास, तेव्हा मला वाटलं होतं आता सांगशील.

मला माहीत आहे, तेव्हा जिवावर बेतलं होतं आणि आज नुसता कागद आहे. त्याची याची बरोबरी करत नाही. अण्णांचं नाव घेऊन सभेत भाषणही ठोकणार नाही, घाबरू नकोस. मला शुभाला सांगायचं आहे, आणि माझ्या शब्दांत ते येत नाहीये. मी बोललो की तत्त्व होतं आणि ती गप्प बसते. अण्णा कधी तत्त्व बोलायचे नाहीत. त्यांनी भेदरलेल्या, चिडलेल्या वीस वर्षांच्या पोराला एका रात्रीत आपल्या बाजूला आणलं, आणि तेही असं की त्याला हरल्यासारखं वाटलं नाही. ते कसं, एवढं मला हवंय. तुला सांगायचं नसेल तर तसं कळव, मी पुन्हा विचारणार नाही.

शुभा परवा झोपताना एवढंच म्हणाली, त्या डॉक्टरीणबाईंची मुलगी खाली घसरगुंडीवर खेळत होती ना, तिच्या पायात चपला नव्हत्या. मग कूस वळली. मी काही बोललो नाही.

सभा रविवारी सकाळी दहाला आहे. शनिवारी रात्री फोन कर, कितीही उशिरा. शुभाही असेल, स्पीकरवर ठेवू का ते आधी सांग.

तुझा,
मक्या

ता. क. : वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन दिवाळीनंतर असेल तर शुभा येईल आठ दिवस. रोहनच्या ॲडमिशनचं अभिनंदन, पेढे बाकी आहेत. ताईला नमस्कार सांग. आणि ‘व्ही’च्या पुढची १९८४ ची ‘फायनल बॅटल’ जास्त भारी हा तुझा हेका सोड आता. जॉन्सन तेव्हा सोडून गेला होता, आणि ते शेवटी पोरीच्या अंगातून प्रकाश निघून सगळं मिटणं मला अजिबात पटत नाही. पहिल्या मालिकेत असं कोणी वाचवत नाही. प्रतिकार करणाऱ्यांची पुढारी ज्युलिएट फक्त आकाशात संदेश सोडते, पाहुण्यांचे कोणी शत्रू असतील तर त्यांच्यासाठी, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात.