सहाव्या पातळीच्या भावंडापासून चौघांपर्यंत : एरिक शूबर्ट यांना आभारपत्र

प्रिय एरिक शूबर्ट यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठी घराण्यांच्या वंशावळी आणि कुलवृत्तांत जुळवणारी माणसं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हेझलटन गावी १९६४ मध्ये मरीस चिव्हेरेल्ला या मुलीचा खून झाला; तो वंशशोधाच्या तुमच्या ज्या कामामुळे उलगडला, ते काम आमच्या ओळखीचं आहे. बातम्यांत मात्र ‘डीएनएमुळे ५७ वर्षांनी खुनी सापडला’ एवढंच आलं. डीएनएनं हाती दिलं ते धाग्याचं एक टोक. तिथून माणसापर्यंतची वाट तुम्ही जुन्या नोंदींतून काढलीत, म्हणून हे आभार. पत्र उघड आहे आणि मराठी वाचकांसाठीही आहे, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टी यात आल्या तर चालवून घ्या.

१८ मार्च १९६४ च्या सकाळी आठनंतर नऊ वर्षांची मरीस सेंट जोसेफ शाळेत जायला पायी निघाली. शाळेतल्या सिस्टरना (नन) भेट द्यायचे खाद्यपदार्थांचे बंद डबे तिच्या हातात होते. ती शाळेत पोहोचलीच नाही. दुपारी एकच्या सुमाराला गावाबाहेर, कोळसा खाणीचा टाकाऊ माल टाकायच्या खड्ड्यात तिचा मृतदेह सापडला. अत्याचार करून तिचा खून झाला होता. पुढच्या काळात राज्य पोलिसांच्या २३० हून अधिक जणांनी या प्रकरणावर काम केलं.

तुमच्या आधी आभार मानायला हवेत ते तिचं जॅकेट सांभाळून ठेवणाऱ्यांचे. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत निघाली १९८४ मध्ये, म्हणजे खुनानंतर वीस वर्षांनी. तरी त्या जॅकेटवरच्या वीर्याच्या डागातून २००७ मध्ये प्रयोगशाळेला डीएनए काढता आला. असा डाग टिकतो तो कोरडा राहिला तरच. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत दमट होतं, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडत जातात. म्हणून कपडा हवेशीर जागी सुकवायचा, कागदी पाकिटात ठेवायचा आणि पाकीट उघडणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची. आपल्याकडच्या मुद्देमालाच्या खोल्यांतही एवढं पाळलं गेलं तर उद्या कुणाच्या तरी लेकीसाठी त्याचा उपयोग होईल.

२००७ मधला हा डीएनए ‘कोडिस’ या अमेरिकी पोलिसांच्या नोंदसंग्रहात जुळला नाही. कारण साधं आहे. खुनी जेम्स पॉल फोर्टे १९८० मध्येच मेला होता, आणि कोडिस देशभर सुरू झालं १९९८ मध्ये. १९७४ मध्ये त्याला एका लैंगिक हल्ल्याच्या प्रकरणात अटक झाली होती, पण तेव्हा डीएनए घेण्याची सोयच नव्हती. शिवाय कोडिसमध्ये त्या वेळी जनुकसाखळीवरच्या १३ ठिकाणांची तुलना होत असे. ‘हाच तो माणूस का’ हे सांगायला तेवढी पुरतात, पण लांबचं नातं त्यांवरून कळत नाही.

नातं शोधायला काही लाख ठिकाणं वाचावी लागतात, आणि जुन्या डागात तेवढा धड डीएनए उरलेला असावा लागतो. प्रत्येक चाचणीत नमुन्याचा काही भाग खर्ची पडतो, तो परत मिळत नाही. २०१९ मध्ये या डागाचा असा विस्तृत आराखडा, वंशशोधासाठी लोक आपणहून आपला डीएनए ठेवतात अशा खुल्या संग्रहात टाकला गेला. तिथं दोन माणसांत किती डीएनए सामाईक आहे ते सेंटीमॉर्गन या एककात मोजतात. आई-बाप आणि मूल यांच्यात तो साधारण ३४०० सेंटीमॉर्गन भरतो, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८६६, आणि खापरपणजोबा समान असतील तर उरतो जेमतेम ७३. सातच्या खालचे जुळलेले तुकडे बरेचदा निव्वळ योगायोगाचे असतात, त्यांच्यामागे लागलं की माणूस महिनोन्‌महिने भरकटतो.

पोलिसांच्या हाती लागलं ते खुन्याचं सहाव्या पातळीचं भावंड, तेही अंदाजानं. वंशावळी जुळवणाऱ्याला हे ऐकूनच धडकी भरावी. सहावी पातळी म्हणजे दोघांच्या पूर्वजांचं एखादं जोडपं सात पिढ्यांवर समान. त्या पिढीत प्रत्येक माणसाचे १२८ पूर्वज असतात, म्हणजे ६४ जोडपी, आणि त्यांतलं नेमकं कुठलं ते आधी ठाऊक नसतं. आता खाली उतरा. वंश पुढे नेणारी तीनच मुलं प्रत्येक पिढीत धरली तरी एका जोडप्याची सातवी पिढी २१८७ जणांची होते, चार धरली तर १६३८४ जणांची. या पातळीच्या बहुतेक भावंडांत तर काहीच सामाईक डीएनए सापडत नाही, इथे सापडला हेच नशीब. २०२० मध्ये अठरा वर्षांचे असताना तुम्ही आपणहून पोलिसांना मदत देऊ केलीत आणि कॉलेजचा अभ्यास सांभाळून साधारण दीड वर्ष हे झाड उभं केलंत.

आमच्या कुलवृत्तांतांत लेकीची नोंद सासरचं नाव आणि गाव लिहून तिथंच थांबते. एका आडनावाची घराणी लावायला ते चालतं. पण डीएनए लेकीकडूनही तेवढाच खाली जातो, म्हणून तुमच्या झाडात लेकीची फांदी तोडून चालत नाही. लग्नागणिक आडनाव बदलतं, नोंदींची जागा बदलते, आणि प्रत्येक जावयाचं नवं घराणं समजून घ्यावं लागतं. सात पिढ्यांत नुसत्या मुलांच्या फांद्या धरल्या तर उत्तर बहुधा झाडाबाहेरच राहील. आमच्यातल्या जुन्या जाणत्यांनी या एका गोष्टीसाठी तुमचं काम पुन्हा पुन्हा वाचावं असं आम्हाला वाटतं.

दुसरी अडचण काळाची. अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षांनी खुले होतात. तुम्ही काम केलंत तेव्हा उघडलेली शेवटची जनगणना १९४० ची होती. १९५० ची खुली झाली १ एप्रिल २०२२ ला, म्हणजे प्रकरण उलगडल्यानंतर. खुनाच्या वेळी फोर्टे २२ वर्षांचा होता, म्हणजे १९४० मध्ये तो जन्मलेलाच नव्हता. जनगणनेनं फार तर त्याच्या आईबापांपर्यंत किंवा आजोबांपर्यंत आणून सोडलं असतं. अशा ठिकाणी पुढची पिढी गोळा करावी लागते ती वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांमधून (कोण मागे उरलं, कोणती मुलगी कुठल्या गावी), थडग्यांवरच्या तारखांतून, शहराच्या नाव-पत्ता-धंद्याच्या जुन्या पुस्तकांतून, शाळांच्या वार्षिकांतून आणि चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्यांतून. एका नोंदीवर विसंबायचं नाही. दोन स्वतंत्र नोंदी जुळल्या तरच नाव पक्कं करायचं.

हेझलटन हा कोळशाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इटली, पोलंड, स्लोव्हाकियाकडची माणसं तिथं खाणीत आली. अशा वस्तीत एकच आडनाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं आढळतं, आजोबाचं नाव प्रत्येक नातवाला लागलेलं असतं, आणि एका खेड्यातली घराणी आपसांत लग्नं करत आलेली असली तर दोन माणसांत दोन-तीन वाटांनी डीएनए येतो आणि नातं आहे त्यापेक्षा जवळचं भासतं. दत्तक मूल किंवा कागदावर एक बाप आणि प्रत्यक्षात दुसरा असं कुठं असेल, तर त्याखालची सगळी फांदीच खोटी ठरते. यावर इलाज एकच : त्या फांदीवरच्या जिवंत नातेवाइकाला विचारून, त्याच्या संमतीनं, त्याचा डीएनए तपासायचा. आकडा अपेक्षेजवळ आला तर पुढं जायचं, नाहीतर फांदी पुसून मागं फिरायचं. पुसण्याचं हे धैर्य फार थोड्यांकडे असतं.

शेवटी तुमच्या यादीत चार नावं उरली. आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ती यादी शेवटपर्यंत यादीच राहिली. वंशावळ सांगू शकते की खुनी या घरातला असावा. दोन सख्खे भाऊ असतील तर त्यांतला कोण, हे तिला सांगता येत नाही. वय, त्या दिवशीचं राहण्याचं ठिकाण, आधीची अटक यांनी वजन वाढतं, पण तो पुरावा होत नाही. फोर्टे मरीसच्या घरापासून थोड्याच गल्ल्यांवर राहत होता, बारमध्ये काम करायचा आणि १९७४ चा तो गुन्हा त्याच्या नावावर होता. एवढं असूनही घाईनं नाव फोडलं गेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्याचं प्रेत उकरून डीएनए घेतला, जॅकेटवरच्या डागाशी ताडून पाहिला, तो जुळला आणि मगच १० फेब्रुवारी २०२२ ला पोलिसांनी नाव जाहीर केलं. शिक्षा भोगायला तो उरला नव्हता. मरीसचे आईवडीलही तोवर गेले होते, पण तिच्या भावंडांना ते नाव त्यांच्या हयातीत कळलं. ५७ वर्षं त्या गावात जी घरं आणि जी माणसं उगाच संशयाखाली राहिली असतील, तीही त्या दिवशी मोकळी झाली.

आणखी एका व्यक्तीचे आभार राहतात. मे २०१९ पासून जेडमॅच या खुल्या संग्रहात नियम असा आहे, की माणसानं स्वतः होकार दिल्याशिवाय गंभीर गुन्ह्यांच्या तपासात त्याचा डीएनए ताडून पाहता येत नाही. बहुतेक बड्या व्यापारी संग्रहांची दारं पोलिसांना तशीही बंद असतात. त्यामुळे असा तपास पुढं सरकतो तो आपला डीएनए स्वखुशीनं खुला ठेवणाऱ्या अनोळखी माणसांच्या भरवशावर. मरीसच्या प्रकरणात धाग्याचं टोक ज्यांच्यामुळं हाती आलं त्या दूरच्या भावंडाचं नाव बाहेर यायचं काही कारण नाही. तुमचा त्यांच्याशी कधी संपर्क आला, तर आमचे आभार त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.

आपले कृतज्ञ,
कुलवृत्तांताच्या कामातले काही मराठी वंशावळकार