हँडलचा रेडिओ घेताय, पण त्यावर परभणी लागतं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला, परंडा-भूमकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हापासून आमच्या ओळखीतले बरेच जण हाताने हँडल फिरवून चालणारा रेडिओ ऑनलाइन मागवायलेत. म्हैसमाळ, गौताळ्याकडं टेंट टाकायला जाणारी पोरंसुद्धा घ्यायलेत. घ्यावाच, माझं म्हणणं आहे. लाइट गेली, टॉवरची बॅटरी संपली की मोबाइल खिशात असून नसल्यासारखा, मग वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप तरी कशावर बघणार?

पण यातले बरेच मॉडेल अमेरिकेच्या हिशोबानं बनवलेले असतात आणि हे कुणी बघतच नाही. त्यावर डब्ल्यूबी असं बटन असतं, म्हणजे वेदर बँड, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ. तिथं त्यावर चोवीस तास सरकारी हवामान चालतं, आपल्याकडं नुसती खरखर. त्या बटनापायी जास्तीचे पैसे देऊ नका. दुसरं त्याहून महत्त्वाचं. आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ असेल तर तिकडं मीडियम वेव्ह (रेडिओवर एएम किंवा एमडब्ल्यू लिहिलेला पट्टा) १०-१० किलोहर्ट्झनं पुढं सरकते आणि आपल्याकडची स्टेशनं ९-९ च्या अंतरावर असतात, त्यामुळं आपलं परभणी आकाशवाणी १३०५ वर आणि तो रेडिओ १३०० वर थांबतो नाहीतर उडी मारून १३१० वर जातो, १३०५ त्याला सापडतच नाही. काहींत ९ ची सेटिंग असते, ती आहे का ते आधी विचारा. नाहीतर काट्याचा, गोल बटन फिरवायचा साधा रेडिओ घ्या, तो कुठंही थांबतो. आणि नुसता एफएमवाला तर घेऊच नका. एफएम टेकडीआड गेलं की सुटतं, मीडियम वेव्ह जमिनीच्या कडेकडेनं लांबवर जाते, शेतातल्या आखाड्यावरसुद्धा खरखरत का होईना पण ऐकू येते.

हँडलचं पण सांगतो. आत छोटा डायनामो आणि प्लास्टिकचे दाते असतात, जोरात झटके देऊन फिरवलं की दाते झिजतात, एका लयीत फिरवायचं. मिनिटभर फिरवलं की थोडा वेळ बातम्या ऐकता येतात, आवाज बारीक ठेवला तर जास्त. मोबाइल चार्ज होईल या भरवशावर मात्र राहू नका. आजच्या मोबाइलची बॅटरी पाच हजार एमएएच, ती हाताने भरायची तर तासन् तास लागतील, एखादा फोन करण्यापुरतं जमलं तरी पुष्कळ. आणि रेडिओ आणून कपाटात टाकला तर आतली बॅटरी पडून पडून बाद होते, दोन-तीन महिन्याला एकदा चार्ज करून लावून बघत जा. पेन्सिल सेलवरपण चालणारा मिळाला तर उत्तमच. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, असा टॉर्चसकट रेडिओ किती कामाचा आहे, याचा विचार कारखान्यांनी करावा.

आता मूळ मागणी. रेडिओ घरात आला पण त्यावर आपल्या गावाचं कुणी काही सांगणारच नसेल तर त्याचा उपयोग काय? २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ चा भूकंपाचा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, आणि असं झालं की व्हॉट्सॲपवर "रात्री अजून मोठा येणार" सुरू होतं. भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, पण ज्यांच्या घरात किल्लारीची आठवण आहे, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी बघितली, त्यांना हे व्हॉट्सॲपवर कोण पटवणार? तिथं आकाशवाणीवरून ओळखीच्या आवाजात जिल्हाधिकारी कार्यालयाचं निवेदन यायला पाहिजे. कुठल्या धरणातून किती पाणी सोडलं, कुठला पूल बंद, कुठल्या शाळेत सोय केली, हे ठरलेल्या वेळेला, समजा सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, आणि ती वेळ संकट यायच्या आधीच लोकांना माहीत असावी. देशात मीडियम वेव्हची प्रक्षेपण केंद्रं एकेक करून बंद व्हायलीत, मराठवाड्यातली तरी तशी करू नका.

आणि १३०५ हा आकडा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बोर्डावर सरपंच, तलाठ्याच्या नंबरशेजारी मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, पावसाळ्याच्या आधी.

आपला,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर