वहिनी, 18 हजार भरायच्या आधी हे वाच

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय वहिनी,
सा. न.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. भिशीतली तुझी मैत्रीण म्हणते की कंपनी अमेरिकेची आहे, 18 हजाराचं प्रोटीनच्या डब्यांचं स्टार्टर पॅकेज घ्यायचं, मग दर महिन्याला साडेचार हजाराचा माल आणि फक्त सहा जणी जोडायच्या, आणि तू मला विचारलंस की तू तिकडेच आहेस तर सांग, ही कंपनी खरी का फ्रॉड. फोनवर दादा मधे मधे बोलतो आणि विषय राहून जातो म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, नीट वाच.

एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नव्हती ती आज सांगते. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मी पण अशाच एका चेन मार्केटिंगमधे शिरले होते, म्हणजे माल घ्यायचा आणि खाली माणसं जोडून कमिशन मिळवायचं. इंडियन ग्रोसरीत भाजी घेत होते, एक जोडपं आलं, "तुम्ही मराठी का?" म्हणाले, इतकं बरं वाटलं गं, इथे कोणी आपलं बोललं की माणूस विरघळतोच. मग कॉफी, मग त्यांच्या घरी जेवण, आणि तिसऱ्या भेटीपर्यंत कंपनीचं नावच सांगितलं नाही, नुसतं "मेंटॉर", "पॅसिव्ह इन्कम" आणि "लवकर रिटायर होऊ" एवढंच. तिथेच मी उठायला हवं होतं, कारण ज्याचा माल चांगला असतो तो मालाचं नाव आधी सांगतो. 14 महिन्यांत माझे 2,300 डॉलर गेले. दर महिन्याला "ॲक्टिव्ह" राहायचं म्हणून माल घ्यायचा, विकला जायचा नाही, गॅरेजमधे खोकी साठायची. पैशाचं दुःख गेलं, पण मी एका मैत्रिणीला पण जोडलं होतं, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, एच-फोर म्हणतात त्याला, आणि त्यावर वेगळं परमिट नसेल तर इथे कामच करता येत नाही हे त्यांनी तिला सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. तिने हळूहळू माझे फोन घेणं बंद केलं. तिला मीच ओढलं होतं, ते अजून लागतं मला.

आता तुझा प्रश्न. वहिनी, तू एका दमात दोन गोष्टी विचारतेयस, कंपनी कायद्यात बसते का, आणि तुला त्यात पैसे मिळतील का. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं हो येत नाही. इथे फेडरल ट्रेड कमिशन म्हणून सरकारी खातं आहे, त्यांनी 1979 साली ॲमवे या अशाच चेनवाल्या कंपनीच्या केसमधे सांगितलं की ही पिरॅमिड, म्हणजे खालच्यांचे पैसे वरच्यांना देणारी फसवी स्कीम, नाही, पण त्याच निकालात कमाईचे फुगवलेले आकडे सांगू नका असंही बजावलं. 2016 ला हर्बालाइफ या तसल्याच दुसऱ्या कंपनीला 20 कोटी डॉलर भरावे लागले आणि कमिशन माणसं जोडण्यावर न देता खऱ्या विक्रीवर द्यायचं असं मान्य करावं लागलं. 2019 ला ॲडव्होकेअर नावाच्या तिसऱ्या कंपनीला 15 कोटी डॉलर भरून ही चेनची पद्धतच सोडावी लागली. याच खात्याने 2024 मधे अशा 70 कंपन्यांचे स्वतःचेच कमाईचे कागद तपासले, त्यात बहुतेक लोकांना वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, आणि त्यातून खर्च वजा केलेला नव्हता. म्हणजे अमेरिकेची कंपनी हे काही सर्टिफिकेट नव्हे. जीएसटी नंबर दाखवला म्हणालीस, तो टॅक्स भरायला असतो, आपल्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे पण आहे.

ओळखायचं कसं ते तुला तुझ्याच उदाहरणाने सांगते. दिवाळीत तू चकल्या विकतेस. घेणारी बाई चकली खायला घेते, पुढच्या महिन्यात आपण पण चकल्या विकू म्हणून घेत नाही. आता त्या प्रोटीनच्या डब्याचं बघ, तुझ्या मैत्रिणीकडून तो डबा कोण घेतं? चेनमधे नसलेली, कमिशनची आशा नसलेली एखादी बाई त्या भावाला घेते का? की सगळे डबे खाली जोडलेल्या बायकांच्याच कपाटात आहेत? तसं असेल तर वरच्यांना मिळणारे पैसे खालच्यांच्या 18 हजारातूनच येतायत, दुसरं कुठून येणार. आणि सहा जणींचं गणित पोरांकडून करून घे, एकीने सहा, त्या सहांनी प्रत्येकी सहा असं करत दहाव्या पायरीला 6 कोटी माणसं लागतात, अकराव्याला 36 कोटी. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात 11 कोटी 24 लाख होती! शेवटच्या पायरीवर नेहमी सगळ्यात जास्त लोक असतात आणि त्यांच्याखाली कोणी नसतं. भिशीत तसं नाही, बारा जणी बारा महिने, जेवढं टाकलं तेवढं प्रत्येकीला परत.

आपल्याकडे कायदा आहे, हे तिला विचारच. 1978 पासून मनी सर्क्युलेशनवर, म्हणजे माणसं जोडून पैसे फिरवायच्या स्कीमवर, बंदी आहे, आणि 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांप्रमाणे जॉइन व्हायला एंट्री फी घेता येत नाही, लेखी करार लागतो, आणि आत शिरल्यावर ठराविक मुदतीत बाहेर पडून घेतलेल्या मालाचे पैसे परत मागता येतात. मग हे 18 हजार नक्की कशाचे? पॅकेजमधल्या प्रत्येक डब्याचा भाव लिहून माग, आणि तसाच डबा स्टँडसमोरच्या मेडिकलमधे केवढ्याला मिळतो ते बघ. तिने 9 हजाराच्या चेकचा फोटो दाखवला, बरं, त्याच वर्षी तिने स्वतः किती माल घेतला, सेमिनारला पुण्याला किती वेळा गेली, ते पण दाखवायला सांग. तुझा हिशोब मी केलाय, 18 हजार आणि साडेचार हजार गुणिले 12, पहिल्याच वर्षी 72 हजार. दादाच्या पगारातून हे काढायचं, आणि तेही मैत्रिणीला नाही म्हणवत नाही म्हणून?

तिच्यावर रागावू नको. ती पण कुणाच्या तरी खाली आहे आणि तिला पण कोणीतरी जवळच्यानेच आणलं असणार. तिला घरी बोलव, चहा कर, आणि वरचं सगळं शांतपणे विचार. "आजच्या आज भर, ऑफर संपतेय" असं म्हणाली तर अजिबात भरू नको.

आणि जर भरले असशील, मला सांगायला संकोचत असशील, तर आधी खोकी फोडू नको. पावती, व्हॉट्सॲप मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेव आणि बाहेर पडतेय असं लेखी दे, मुदत संपायच्या आत. नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे तक्रार करता येते. दादाला मी सांगते, तो ओरडणार नाही.

शनिवारी तुमच्या सकाळी फोन करते. आईबाबांना नमस्कार, पोरांना पापा. कुरिअर करशील तेव्हा दोन किलो भाजणी पाठव, इथे माझ्या ऑफिसातल्या तिघी जणी विचारतायत, पैसे पाठवते.

तुझी,
पमी