ग्लोव्हवाल्या दादांना थँक्यू

दादा,

मासेमारीच्या बोटीवरून उतरताना तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही, माझे पाय लटपटत होते आणि मित्र लोक नुसते आरडाओरडा करत होते, म्हणून इथे लिहितोय.

सकाळपासून मला बोट लागलेली. तुम्हाला वाटलं असेल हा माणूस मार्लिन मासा पकडायला आलाच कशाला. पण तोंडावर काही नाही, मला मागच्या बाजूला मोकळ्या हवेत बसवलंत, क्षितिजाकडे बघत राहा म्हणालात, बस. मागच्या वेळी दुसऱ्या बोटीवर होतो तिथल्या महाशयांनी हसून केबिनमध्ये झोपायला पाठवलं होतं, डिझेलच्या वासात जे होते नव्हते ते हाल झाले. आणि मासा लागल्यावर मी जरा चाचपडलो तर रॉडच हिसकावून घेतला! वर किनाऱ्यावर फोटोला मलाच उभं केलं. अहो गळाने पकडलेल्या माशांचे विक्रम नोंदवणारी ती आयजीएफए संस्था, तिचा नियम आहे, दुसऱ्याने रॉडला हात लावला की तो मासा तुमचा धरत नाहीत. तो फोटो मी कधीच कुणाला दाखवला नाही.

या वेळी दुपारपर्यंत काहीच नाही. ल्यूर, म्हणजे ती खोटी आमिषं, मागे उड्या मारतायत, आणि मित्रांचं एकच चालू, १९५३ साली पेरूत काबो ब्लांकोला ग्लासेल नावाच्या माणसाने १५६० पौंडांचा ब्लॅक मार्लिन कसा काढला. मग एकदम आउटरिगरची, म्हणजे बाजूला दोरी धरणाऱ्या लांब काठीची, क्लिप सुटली, रील किंचाळायला लागलं आणि पाळी नेमकी माझी.

पुढचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यातच आठवतो. लांबवर मार्लिन अख्खा पाण्याबाहेर आला ते आठवतं. हात गेले होते, मी दोनदा म्हणालो दादा तुम्हीच घ्या आता. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि खुर्ची माशाच्या दिशेने फिरवत राहिलात, बाटली माझ्या तोंडाला लावलीत, पण रॉडला बोटसुद्धा लावलं नाहीत. काही न करता सोबत उभं राहणं फार कमी लोकांना जमतं हो, बाकी सगळ्यांना मदत म्हणजे आपणच करून टाकायचं असतं.

पण मला रडू आलं ते नंतर. लीडर, म्हणजे गळाजवळची जाड दोरी, हातात आला, तुम्ही वाकून माशाची भाल्यासारखी चोच धरलीत, बोट हळू पुढे चालत होती म्हणजे त्याच्या कल्ल्यांतून पाणी जात राहील. मला वाटलं आता खुणेचा टॅग मारून सोडणार आणि संपलं. तर तुम्ही एका हाताने चोच धरून दुसऱ्या हातातला ग्लोव्ह दातांनी ओढून काढलात आणि माझ्यापुढे धरलात. "घाला, पॉलिश पेपरसारखी असते, सोलून निघेल." मी घातला, धरली. मासा निळा होता, म्हणजे फोटोत येतो तसा नाही, आतून दिवा लावल्यासारखा. तुम्ही म्हणालात सोडा, मी सोडलं, शेपटीचा एक फटका आणि गेला.

तुमचा उघडा हात खरचटलेला नंतर दिसला, तुम्ही तो बादलीत बुडवून पुसून टाकलात.

तो ग्लोव्ह चुकून माझ्या जॅकेटच्या खिशात राहिलाय दादा. परत द्यायला येणार आहे, पण खरं सांगतो, द्यावासा वाटत नाहीये. नवीन जोड आणला तर चालेल ना?