बटणाचे दोन टप्पे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालीस, पहिल्यांदा एकटीनं छातीचा एक्स-रे काढताना बटणावरचा हात थरथरत होता. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

अर्धं बटण दाबलं की घुंई आवाज येतो ना, ती ट्यूबमधली चकती फिरू लागलेली असते, मिनिटाला जवळपास 3000 फेरे. त्याच वेळी समोरची तार तापून इलेक्ट्रॉन सोडू लागते. पुरतं दाबलंस की हजारो व्होल्टच्या ओढीनं ते चकतीवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेचे एक्स-रे होतात जेमतेम 1 टक्का, उरलेली सगळी उष्णता. टंगस्टन 3400 अंशांपर्यंत तग धरतं, तरी चकती स्थिर असती तर एकाच जागी मार खाऊन वितळली असती.

नवा असताना मी अर्धं बटण दाबून ठेवायचो, लहान मूल रडायचं थांबेपर्यंत तसाच उभा. एकदा आमच्या सीनियर मॅडमनी माझा हात बाजूला केला. तेवढा वेळ ती तार झिजत असते, तिचं टंगस्टन उडून काचेला आतून बसतं आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. म्हणून आधी पेशंटशी बोल, श्वास धरायची तालीम करून घे, मगच बटणाला हात लाव. सकाळचं ट्यूबचं वॉर्म-अपही चुकवू नकोस. थंड चकतीवर एकदम मोठा भार पडला तर तिला तडा जातो.

केव्हीपीनं, म्हणजे ट्यूबच्या व्होल्टेजनं, किरणांचा जोर वाढतो, एमएएसनं, म्हणजे करंट गुणिले वेळ यानं, संख्या, हे तुला पाठ आहेच. मला काळजी वाटते ती वेगळीच. आमच्या वेळी एमएएस जास्त झाला की फिल्म काळीकुट्ट यायची, डार्करूममध्येच चूक कळायची. तुमच्या डिजिटल पॅनेलवर दुप्पट किरण दिले तरी चित्र सुरेख दिसतं, उलट दाणेदारपणा कमीच होतो. चूक पेशंटच्या अंगावर जाते आणि पडद्यावर दिसत नाही. म्हणून दर एक्स-रेनंतर एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे पॅनेलवर किती किरण पोचले ते सांगणारा, आकडा बघत जा, चित्र कितीही छान आलेलं असो.

तुमच्या मशीनवर तो आकडा कुठे येतो, ते रविवारी सांग. आणि टीएलडी बॅज, तुझ्या अंगावर पडलेले किरण मोजणारा, शिशाच्या एप्रनच्या आत, छातीपाशी लाव. तुझ्या मागच्या फोटोत तो बाहेर लटकत होता.

तुझे,
बाबा