गांजावरची बंदी का उठावी : वसंतास पत्र

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "गांजा कायदेशीर करा आणि त्यावर कर लावा, असं तू म्हणावंस?" हा तुझा प्रश्न मनाला लागला, कारण तो रागातून कमी आणि काळजीतून जास्त आला आहे हे मला कळतं. तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रात आलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल तू लिहिलंस. रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून बसणारा, आईनं समोर ठेवलेलं ताट आधी तिला खायला लावणारा. ते वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकलो नाही. गांजा निरुपद्रवी आहे असं मी कधी म्हटलेलं नाही आणि आजही म्हणणार नाही. युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज कडक गांजा ओढणाऱ्यांना मनोविकाराचा झटका येण्याचा धोका, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट दिसला. तुला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे.

पण मला त्या मुलाविषयी काही विचारायचं आहे. त्याला माल विकणाऱ्यानं त्याचं वय विचारलं होतं का? त्या पुडीत नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, किती टक्के होतं हे त्याला ठाऊक होतं का? विकणाऱ्याला तरी ठाऊक होतं का? हे सगळं बंदी असतानाच घडलं, वसंत. ज्या व्यवस्थेला तू मुलांची ढाल समजतोस, त्याच व्यवस्थेत तो मुलगा तुझ्याकडे आला.

माझी सगळी नोकरी अप्रत्यक्ष करात गेली, हे तू जाणतोसच. ज्या मालावर कर असतो, त्याची कुठेतरी नोंद असते. किती पिकला, किती वाळवला, कोणत्या गोदामातून कधी निघाला, कोणत्या परवानाधारकाकडे पोचला आणि वाटेत किती घट आली. निरीक्षक कधीही दारात उभा राहू शकतो, नमुना घेऊ शकतो, परवाना रद्द करू शकतो. परवाना गमावण्याची भीती दुकानदाराला ओळखपत्र तपासायला लावते. चोरट्या विक्रेत्याकडे गमावण्यासारखा परवानाच नसतो. समोर चौदा वर्षांचं पोर असो की चाळीस वर्षांचा माणूस, पैसे आले की त्याचं काम झालं.

बंदीत माल कसा बिघडतो याचं एक उदाहरण देतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट कळेल. २०१९ साली अमेरिकेत तरणीताठी माणसं श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू पक्के नोंदले गेले. बहुतेकांनी गांजाचं तेल भरलेल्या नळ्या व्हेपमध्ये, म्हणजे तेल तापवून त्याची वाफ ओढायच्या विजेच्या उपकरणात, घालून ओढल्या होत्या आणि त्यातल्या बहुतांश नळ्या चोरट्या बाजारातून किंवा ओळखीपाळखीतून घेतलेल्या होत्या. शोध घेतल्यावर त्यात ई-जीवनसत्त्वाचं ॲसिटेट सापडलं. हा पदार्थ त्वचेला लावला तर निरुपद्रवी, पण तापवून फुप्फुसात ओढला की घात करतो. तो घातला का, तर ग्राहक नळी उलटी करून आतला बुडबुडा किती सावकाश वर सरकतो ते पाहायचे. सावकाश सरकला म्हणजे तेल दाट, दाट म्हणजे अस्सल, असा त्यांचा हिशेब. भेसळ करणाऱ्यांना तेलाइतकंच दाट आणि स्वस्त काहीतरी हवं होतं, ते त्यांना मिळालं. प्रयोगशाळेचा दाखला नसलेल्या बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात तपासणीचं एवढंच साधन उरतं. तो बुडबुडा पाहणारी पोरं डोळ्यांसमोर आली की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

याच्या शेजारी कॅनडातलं एक पाकीट ठेवून बघ. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा विकत घेता येतो. पाकीट एकरंगी, चकचकीत नाही, चित्रं नाहीत. वर लाल खूण, पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा, टीएचसीचं प्रमाण, मुलांना सहज उघडता येणार नाही असं झाकण. आणि माझी नजर जिथे आधी जाईल ते, अबकारी कराचं तिकीट. प्रत्येक प्रांताचा रंग वेगळा, त्यामुळे एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात विकायला आला तर तपासनीसाला लांबूनही कळतं. खाण्याच्या पदार्थांच्या एका पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. यातली एकही गोष्ट बंदीच्या राज्यात घडवून आणता येत नाही.

तू म्हणतोस, हे सगळं आजकालचं खूळ आहे. तसं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच वाद झाला होता. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला आणि १८९३ साली हिंदुस्थानात मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. ११९३ साक्षीदारांची साक्ष घेऊन आयोगानं पुढच्याच वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. गांजानं वेड लागतं या समजाचा त्यांनी कसा पाठपुरावा केला, तो भाग तू वाचावास असं मला फार वाटतं. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत कितीतरी रुग्णांपुढे 'कारण : गांजा' असं लिहिलेलं होतं. आयोगानं एकेका रुग्णाचा माग काढला, तेव्हा दिसलं की रुग्णाबरोबर पोलिसांकडून आलेल्या कागदावर कारणाचा रकाना भरायचा असे, नातेवाईक सापडत नसत, आणि कारण ठाऊक नसलं की गांजा लिहून मोकळं व्हायचं. पुढे तोच शब्द इस्पितळाच्या वहीत आणि तिथून सरकारी आकडेवारीत उतरे. चौकशीनंतर त्यातली बरीच प्रकरणं टिकली नाहीत. काही टिकली, आणि आयोगानं तीही प्रामाणिकपणे मांडली. अतिसेवन घातक, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. तरीही शिफारस काय केली, तर संपूर्ण बंदी नको. लागवड परवान्यानं करा, दुकानांची संख्या मर्यादित ठेवा, जवळ बाळगायच्या मालाला मर्यादा घाला आणि पुरेसा कर लावा. बंदी घातली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील, ही भीतीही त्यांनी नोंदवली होती. इतका बारकाईचा अभ्यास हाताशी असून जगानं १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात बंदीची उलटी वाट धरली, याचं मला वाईट वाटतं.

त्या वाटेची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत २००१ ते २०१० या दहा वर्षांत गांजासाठी ऐंशी लाखांहून जास्त अटका झाल्या आणि त्यातल्या ८८ टक्के निव्वळ जवळ बाळगल्याबद्दल होत्या. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, तरी काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता जवळजवळ पावणेचार पट. शिक्षा होते दोन दिवसांची किंवा दंडाची, पण नोंद आयुष्यभर मागे लागते. नोकरीच्या अर्जात, घर भाड्यानं घेताना, परदेशी नागरिक असेल तर तिथे राहण्याच्या परवानगीत. तुझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी किती जण केवळ पोलिसांच्या भीतीनं उशिरा येतात, हे तूच एकदा मला सांगितलं होतंस. गुन्हा ठरवलेल्या व्यसनावर माणूस उघडपणे मदत मागत नाही.

आता कराकडे येतो. इथे मी जरा पाल्हाळ लावणार, तेवढं सोसून घे, कारण सगळी मेख इथेच आहे. नुसता "कर लावा" म्हणून चालत नाही. कर कशावर लावायचा? वजनावर लावला, तर ग्रॅमला कर तेवढाच राहतो, मग उत्पादक त्याच ग्रॅममध्ये जास्तीत जास्त नशा कोंबायला बघतो. म्हणजे तुला ज्या कडक मालाची भीती वाटते, त्यालाच आपण बक्षीस देतो. किमतीवर लावला, तर सुरुवातीला गल्ला भरतो. पण कायदेशीर शेती वाढली की भाव कोसळतात आणि भावाबरोबर कर आणि ग्राहकाला वाटणारी आडकाठी दोन्ही उतरतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं १ जानेवारी २०१४ ला गांजाची दुकानं उघडली. घाऊक टप्प्यावरच्या पंधरा टक्के अबकारी करातले दरवर्षीचे पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या इमारतींसाठी राखायचे, हे राज्याच्या घटनादुरुस्तीतच लिहिलं. आजवर त्या राज्याला गांजापासून दोन अब्ज डॉलरच्या वर महसूल मिळाला आहे, पण २०२१ नंतर वर्षाची रक्कम घसरली. ज्यांनी त्या रकमेवर कायमचे खर्च बांधले, त्यांची पंचाईत होते.

माझ्या मते कर टीएचसीवर हवा, दारूत मद्यार्कावर असतो तसा. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यानं २०२० पासून हे अर्धंमुर्धं केलं. पस्तीस टक्क्यांपर्यंत टीएचसी असेल तर दहा टक्के कर, त्यावर गेलं तर पंचवीस. कनेक्टिकट राज्य तर टीएचसीच्या मिलिग्रॅममागे कर घेतं. हे राबवायला चांगल्या प्रयोगशाळा लागतात, आणि प्रयोगशाळेनं उत्पादकाला हवा तो आकडा लिहून देऊ नये म्हणून त्यांच्यावरही नजर ठेवावी लागते. कष्टाचं काम आहे, पण होण्यासारखं आहे. दारूच्या भट्ट्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

आणि दर? इथे कॅलिफोर्नियाकडून शिकावं. विक्रीवर पंधरा टक्के, वर लागवडीवर वजनानं कर, वर स्थानिक कर, वर नेहमीचा विक्रीकर. शिवाय निम्म्याहून जास्त शहरांनी आणि काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, आपल्या हद्दीत दुकानांना परवानगीच दिली नाही. परवाना घेऊन धंदा करणारा महाग ठरला आणि चोरटा तगून राहिला. शेवटी जुलै २०२२ मध्ये लागवडीवरचा कर त्यांना काढून टाकावा लागला. कर आधी कमी ठेवावा, चोरट्या बाजाराचं कंबरडं मोडू द्यावं आणि मग हळूहळू चढवत न्यावा. पहिल्याच वर्षी तिजोरी भरायची घाई करणाऱ्या अर्थमंत्र्याच्या हाती हा कायदा देऊ नये. उरुग्वेनं २०१३ साली कायदा केला तेव्हा महसुलाचा विचार बाजूला ठेवला, भाव सरकारनंच चोरट्याला परवडणार नाही इतका खाली ठरवला, जाहिरातीवर पूर्ण बंदी घातली आणि २०१७ पासून औषधाच्या दुकानांतून नोंदणी केलेल्या प्रौढांना विक्री सुरू केली. तिथे दुकानं अपुरी पडली, माल कमी पडला, बँकांनी अमेरिकेतल्या कायद्याच्या धाकानं दुकानदारांची खाती बंद केली. तरी कॅलिफोर्निया आणि उरुग्वे या दोन्हींपैकी निवडायचं झालं, तर मी डोळे मिटून उरुग्वेची रीत निवडीन.

तुझी सगळ्यांत मोठी हरकत मी टाळत नाही. कायदेशीर केल्यावर वापर वाढेल, असं तू म्हणतोस. अमेरिकेत प्रौढांचा वाढला आहे, आणि रोज ओढणाऱ्यांचा तर खूपच. २०२२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे, तशाच नियमानं दारू पिणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. याची मला धास्ती वाटते. शाळकरी मुलांमध्ये मात्र ज्या उसळीची भीती होती, ती सर्वेक्षणांत दिसलेली नाही. लहान मुलांनी घरातला गोड खाऊ समजून गांजाचे पदार्थ खाल्ल्याचे प्रकार वाढले, हेही खरं. पण त्यातच एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं गोळ्या, चॉकलेट, केक यांसारख्या गांजाच्या पदार्थांना मज्जाव केला, आणि अशा पदार्थांना मुभा देणाऱ्या प्रांतांत मुलं रुग्णालयात येण्याचं प्रमाण जितकं वाढलं तितकं तिथे वाढलं नाही. म्हणजे कायदा कसा लिहिला यावर मुलांचे जीव अवलंबून असतात, आणि तो लिहिण्याची संधी बंदी उठवल्याशिवाय येत नाही. म्हणून माझ्या मनातल्या कायद्याच्या मसुद्यात जाहिरात नाही, मुलांना भुलवणारा खाऊ नाही, मोठ्या कंपन्यांना कायदा लिहिण्याच्या खोलीत खुर्ची नाही. आणि कराच्या रकमेतला पहिला वाटा तुझ्यासारख्यांच्या केंद्रांना, तोही भाव घसरला म्हणून कमी होणार नाही अशा तरतुदीनं.

एका गोष्टीवर मला तुझा सल्ला हवा आहे. वयाची अट किती ठेवावी? मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, म्हणून पंचवीस म्हणावंसं वाटतं. पण मग अठरा ते चोवीसची मंडळी, जी सगळ्यांत जास्त ओढतात, ती पुन्हा चोरट्याच्याच हाती जातात. कॅनडात बहुतेक प्रांतांत एकोणीस, अल्बर्टात अठरा, क्वेबेकनं २०२० मध्ये एकवीस केलं, अमेरिकेतल्या राज्यांत एकवीस. मी एकवीसवर आलो आहे, त्याखालच्यांसाठी अटक नको, समुपदेशन असावं, असं धरून. आणि एकवीस ते पंचविशीतल्यांना कडक माल न विकता सौम्यच विकावा, अशी एक जास्तीची अट घालता येईल का, तेही मनात घोळतंय. तुझ्याकडे आलेल्या मुलांचं पाहून तुला काय वाटतं ते सविस्तर लिही. विरोधातच लिहायचं असेल तर बेलाशक लिही, पण आकडा सांग आणि तो का तेही सांग.

त्या मुलाची तब्येत आता कशी आहे, हे कळव. त्याच्या आईलाही थोडा आधार दे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
दिनकर