संज्या, तुला एक विचारायचंय

संज्या,

एवढं लांबलचक बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाहीये. मी बरी आहे, थायरॉईडची गोळी चालू, नितीनची शुगर जैसे थे, तब्येतीचा विषय संपला. फोनच करणार होते, पण फोनवर तू पहिल्या मिनिटाला काहीतरी पाचकळ बोलणार, मी हसणार आणि मुद्दा राहून जाणार, १५ वर्षं आपलं हेच चाललंय. म्हणून टाईप करतेय. रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी मॅड मेन बघून बसलेय, तीच आपली साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या अ‍ॅड एजन्सीची अमेरिकन मालिका.

हो, परत. यावेळी ईराबरोबर. तीच ईरा, तुझ्या मांडीवर बसून फोटोशॉपमध्ये मांजरं हिरवी करायची ती, आता मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीपासून दर रविवारी येते, दोन एपिसोड बघतो, मध्ये ती खाकरे संपवते. आणि बाई गं, हिची मतं! आपण एजन्सीच्या स्टुडिओत तुझ्या पेनड्राईव्हवर बघायचो तेव्हा तो मालिकेचा हिरो डॉन ड्रेपर नुसता खिडकीपाशी उभा राहिला तरी तू सुस्कारा टाकायचास, आठवतं? ही म्हणते, मावशी, या माणसाला सूट छान बसतो, बाकी काय आहे? पहिल्या सीझनमधला तो कोडॅकच्या कॅरोसेलचा सीन, डॉन त्या स्लाईड प्रोजेक्टरची अ‍ॅड क्लायंटला ऐकवतो तो, ज्याला त्याचा सहकारी हॅरी क्रेन रडत खोलीबाहेर जातो आणि तूही रडला होतास (खोटं बोलू नकोस, एसी बंद होता म्हणून घाम आला वगैरे), तो बघून ही काय म्हणाली माहितीये? म्हणे, स्वतःच्या बायकापोरांचे फोटो दाखवून क्लायंट पटवला, आणि घरी गेला तर घरात कुणी नाही, बरं झालं. एवढंच! बायकोला फसवण्यापेक्षा ते पिकनिकनंतर चादर झटकून सगळा कचरा गवतावर टाकून निघून जातात ना, त्याचा तिला जास्त धक्का बसला, दहा मिनिटं त्यावरच बोलत होती.

आणि बेटी, डॉनची बायको. आपण बेटीला किती शिव्या घातल्या रे. ईरा पूर्ण बेटीच्या बाजूने. म्हणे ब्रिन मॉर कॉलेजात मानववंशशास्त्र शिकलेली, इटालियन बोलणारी बाई ऑसिनिंगच्या त्या घरात कोंडलीये, तिने शेजाऱ्याच्या कबुतरांवरच गोळ्या झाडल्या हे डॉनचं नशीब. मला उत्तर सुचलं नाही. नितीनचं मत तेच जुनं: "यात होतं काय? माणसं ग्लास भरतात आणि बाहेर बघतात." ९२ एपिसोड होते म्हटल्यावर तो उठून झोपायलाच गेला.

बरं, मुद्दा.

मागच्या शनिवारी ईराच्या कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. मराठी कॉपीरायटिंगवर. मी आपली साडीबिडी नेसून गेले, स्लाईड्स घेऊन. त्यात कुकरची अ‍ॅड होतीच, ती नसेल तर माझ्याकडे दाखवायला आहे काय. "तिसऱ्या शिट्टीला घरी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एका मुलीने विचारलं, मॅडम ही लाईन सुचली कशी? आणि संज्या, मी एका सेकंदाचाही विचार न करता सांगितलं की लहानपणी आम्ही संध्याकाळी खाली खेळायचो, आई गॅलरीत यायची आणि म्हणायची, तिसऱ्या शिट्टीला घरात पाहिजेस. हातवारे करून सांगितलं. आवाज थोडा जड केला. मला वाटतं डोळ्यात पाणीपण आणलं. म्हणजे अक्षरशः कॅरोसेल.

रविवारी ईरा आली, चहा घेतला, आणि अगदी सहज, काही मनात न धरता म्हणाली, "मावशी, आजीकडे गॅलरी कुठे होती?"

नव्हती. डोंबिवलीला आमचा तळमजला, तुला माहितीये. आणि संध्याकाळी सातला माझी आई मला खाली खेळायला सोडेल? शुभंकरोति, पाढे, मग जेवण. आमच्या कुकरच्या शिट्ट्या मी पाटावर बसून मोजल्यात. गॅलरी तुमच्या लालबागच्या चाळीत होती. मी म्हटलं, अगं, सांगताना थोडं रंगवावं लागतं, आणि एपिसोड लावला.

आणि कुठला लागावा? चौथ्या सीझनचा सहावा. तुला नंबर लक्षात नसेल, मी सांगते. ज्यात डॉनला ग्लो-कोट या फरशीच्या पॉलिशच्या अ‍ॅडसाठी क्लिओ, म्हणजे जाहिरातवाल्यांचं मोठं अ‍ॅवॉर्ड, मिळतो, त्याच्या हाताखालच्या कॉपीरायटर पेगीला त्या समारंभाला नेतच नाहीत, आणि मग हा टुन्न होऊन ऑफिसात येतो, लाईफ नावाच्या नाश्त्याच्या सीरियलचे क्लायंट बसलेले असतात, त्यांना पहिली लाईन आवडत नाही, म्हणून हा दारूच्या नशेत एकामागून एक स्लोगन फेकायला लागतो आणि त्यातलं एक क्लायंट उचलतो. आणि ते ह्याचं नसतंच, आधी नोकरी मागायला आलेल्या त्या डॅनीचं असतं, ज्याच्या पोर्टफोलिओला डॉन आणि पेगी हसलेले असतात. ह्याला पत्ताच नाही. पेगी येऊन सांगते तेव्हा कळतं. मग पैसे देऊन मिटवायला बघतो, पण डॅनी बेटा म्हणतो नोकरी द्या, आणि द्यावी लागते.

ईराने खाकरा मोडला आणि म्हणाली, "निदान त्या पोराला नोकरी तरी दिली."

तिला काही माहीत नाहीये, संज्या. ती सिरीयलबद्दलच बोलत होती. पण मी त्यानंतर चार दिवस झोपलेली नाहीये.

तू म्हणशील एवढं काय. तू कायम हेच म्हणतोस. पण मला ती रात्र पूर्ण आठवतेय. माझ्या ११ हेडलाईन्स मेल्या होत्या, सर्व्हिसिंगवाला दर अर्ध्या तासाने मान डोकावून जात होता, आणि तू स्क्रीनवरून मान न वळवता, क्रॉपमार्क लावता लावता म्हणालास की आमच्याकडे घड्याळ नव्हतं, काकू सांगायच्या तिसऱ्या शिट्टीला घरात पाहिजेस. मी लिहून घेतलं. "घरात पाहिजेस"चं "घरी" केलं. गेली इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की ते "पाहिजेस" काढलं तिथेच खरी लाईन झाली आणि ते काढलं मी. आता पुढचा एपिसोड आठव. सूटकेस! त्यात डॉन पेगीला नेमकं हेच ऐकवत नाही का? ग्लो-कोटची तिची कल्पना, मूल कोंडलंय, आई फरशी वाळायची वाट बघतेय, ती याने घेतली, काऊबॉय घातला, आणि म्हणे तू फक्त बी दिलंस.

त्या एपिसोडवरून आपण केवढे भांडलो होतो. दादर ते कांजूर अख्खी लोकल ऐकत होती. मी पेगी! मी म्हणजे पेगी! तिचा वाढदिवस, तिकडे हॉटेलात आईसकट सगळे ताटकळलेत, आणि हा तिला सॅमसोनाईट सूटकेसच्या अ‍ॅडसाठी रात्रभर बसवतो, आणि ती म्हणते तुम्ही कधी थँक्यू म्हणत नाही. आणि तू डॉनच्या बाजूने. त्यासाठीच तर पगार असतो, म्हणायचास. त्यातली अली आणि लिस्टनची ती बॉक्सिंगची फाईट पहिल्याच राऊंडला संपली आणि आपली ठाण्यापर्यंत संपली नाही.

मग २०११ मध्ये आपल्या अ‍ॅडला ते मराठीचं अ‍ॅवॉर्ड मिळालं. स्टेजवर मी आणि आर्ट डिरेक्टर. स्टुडिओला पास नव्हते, किंवा होते आणि मी मागितले नाहीत, मला आता खरंच सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन स्टुडिओत आले, म्हटलं, संज्या, तुझाही वाटा आहे हं यात. तू पेढा घेतलास आणि म्हणालास, "त्यासाठीच तर पगार असतो." मी हसले. कितीतरी दिवस ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरले, संज्याने काय टाकला डायलॉग. तो विनोद होता का रे? हे मला या चार दिवसांत पहिल्यांदा वाटलं की कदाचित नव्हता.

आता माझा बचाव ऐक, केल्याशिवाय राहवणार नाही. ही मालिकाच मुळात दुसऱ्यांच्या लाईनींवर उभी आहे. पहिल्याच भागात डॉन लकी स्ट्राईकवाल्यांना "इट्स टोस्टेड" देऊन गार करतो, १९६० साल दाखवलंय, आणि ती लाईन कंपनी १९१७ पासून वापरत होती. आणि शेवट! २०१५ ला आपण फोनवर तासभर भांडलो, तू म्हणत होतास डॉनने ती कोकची टेकडीवरच्या गाण्याची अ‍ॅड केली, मी म्हणत होते नाही, तो त्या कॅलिफोर्नियाच्या आश्रमात शांत झाला, अ‍ॅड दुसऱ्याच कुणीतरी केली. गंमत म्हणजे दुसऱ्यानेच केली होती. बिल बॅकर, मॅकॅन एरिक्सन या खऱ्या एजन्सीचा. १९७१ मध्ये लंडनला चालला होता, धुक्यामुळे विमान आयर्लंडला शॅननला उतरवलं, रात्री एकमेकांवर वैतागलेले प्रवासी सकाळी कोक पीत गप्पा मारताना बघितले आणि त्याला ते सुचलं. आणि त्या गाण्यात अजून तिघांचा हात होता. मालिकेने सगळं उचलून डॉनच्या त्या हसण्यात घातलं आणि आपण वाह म्हटलं. (मालिकेतला मुद्दा तू जिंकलास, मालिका लिहिणारा वायनर नंतर साधारण तुझ्याच बाजूने बोलला. हे मी दहा वर्षं लपवून ठेवलंय, ते पण आज सांगून टाकते.)

पण हा बचाव हाइन्झपाशी अडकतो. सहाव्या सीझनमध्ये डॉन केचपची बाटलीच न दाखवता नुसते फ्राईज, बर्गर दाखवतो आणि क्लायंट नको म्हणतो, ते? खऱ्या हाइन्झने २०१७ ला त्या अ‍ॅड्स न्यूयॉर्कमध्ये खरोखर लावल्या. आणि क्रेडिट कुणाला दिलं, त्यांच्या खऱ्या एजन्सीबरोबर मालिकेतल्या स्टर्लिंग कूपर ड्रेपर प्राईसलासुद्धा. नसलेल्या एजन्सीला! अरे जी एजन्सी जगात नव्हती तिचं नाव पडलं आणि तू माझ्यापासून चार फुटांवर बसला होतास.

२०२१ च्या पुरात तुझं फ्लेक्सचं मशीन गेलं तेव्हाही मी नुसता मेसेज टाकला, हात जोडलेले आणि एक रडका चेहरा. पैसे विचारायला हवे होते. विचारले नाहीत कारण तू नाही म्हणाला असतास, असं मी नितीनला सांगितलं. यावर काही बोलू नकोस, नुसतं वाच.

तुझं काय चाललंय? सुवर्णाच्या शाळेचं ते अनुदानाचं झालं का? ओमचं दहावीचं वर्ष ना, त्याला गणिताचं टेन्शन देऊ नका, तुला स्वतःला किती होते ते मला माहितीये. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलंत का अजून वालावलकरांच्या काढ्यावरच? लग्नपत्रिकांचा सीझन चांगला गेला असेल. त्या हळदीच्या बॅनरवरचा वाघ तूच केलास ना, स्टेटसला बघितला, त्याची डावी मिशी उलटी आहे.

तर विचारायचंय ते हे. कॉलेजवाले माझं भाषण यूट्यूबवर टाकणारेत. मी त्यांना कळवलं की गॅलरीचा भाग कापा आणि कुकरच्या स्लाईडवर पट्टी टाका, मूळ ओळ अमुक यांची. त्या बाईंनी उलट विचारलं, अमुक म्हणजे कोण, नाव द्या. मी तुझं टाईप केलं, आणि मग डोक्यात आलं की तूही काकूंचीच उचलली होतीस.

तेव्हा सांग, नाव कुणाचं टाकू? काकूंचं टाकायचं तर आधी त्यांना विचार, आणि पूर्ण नाव पाठव, मला फक्त काकूच माहितीयेत. बुधवारपर्यंत कळव. आणि फोन करू नकोस, लिहून पाठव.

मेधा